मेलखालची एक ओळ: सर्वनामं सांगण्याच्या सक्तीचं एक प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या खराडी भागातल्या एका आयटी कंपनीतलं आहे. कंपनीचं नाव दिलेलं नाही. माणसांची नावं, पदं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. प्रकरण चिघळल्यावर धोरण नव्याने लिहिण्यासाठी कंपनीने बाहेरून ज्यांना बोलावलं त्यात मी होते. त्याआधीचं सगळं मेल, चॅट आणि संबंधितांच्या सांगण्यावरून मांडलं आहे. जिच्यामुळे हे सगळं उघड झालं तिला मी इथे ‘क्ष’ म्हणते. तिने स्वतः सांगितल्याप्रमाणे मी तिच्याबद्दल ‘ती’ लिहिते आहे. घटना घडल्या तेव्हा मात्र अख्खं ऑफिस तिला ‘तो’ म्हणत होतं.

पार्श्वभूमी

मूळ कंपनी अमेरिकेतली. पुण्यात सहाशेच्या आसपास माणसं. काम विमा कंपन्यांच्या सॉफ्टवेअरची देखभाल आणि चाचणी. दोन पाळ्या, त्यातली दुसरी रात्री साडेअकराला सुटते, मग कॅब.

जून 2022 मध्ये मुख्यालयातून सगळ्या देशांतल्या ऑफिसांना एक मेल आला. ज्यांना हवं त्यांनी मेलच्या सहीखाली आपली सर्वनामं लिहावीत, म्हणजे इतरांनी आपल्याबद्दल इंग्रजीत ‘शी/हर’ (ती), ‘ही/हिम’ (तो), ‘दे/देम’ (दोन्ही नाही) की आणखी काही म्हणावं ते सांगावं, असा त्याचा मजकूर होता. तेव्हा ही हवा सगळीकडेच होती. आदल्या वर्षीच लिंक्डइन आणि झूमने प्रोफाइलमध्ये सर्वनामांसाठी जागा दिली होती. त्यामागचा विचार साधा होता. फक्त पारलिंगी (ट्रान्सजेंडर) माणसांनीच सर्वनामं लिहिली तर ती उठून दिसतात. सगळ्यांनीच लिहिली तर कुणीच उठून दिसत नाही.

मुख्यालयाच्या मेलमधला शब्द ‘ऐच्छिक’ होता, हे लक्षात ठेवायला हवं. पुण्यात तो बदलला. कुणी बैठक घेऊन, ठरवून बदलला असंही नाही. एचआरच्या प्रणालीत सर्वनामांसाठी एक नवा रकाना आला. त्या प्रणालीच्या डॅशबोर्डवर कुठलाही रकाना नव्वद टक्क्यांपेक्षा कमी भरलेला असला की त्यापुढे पिवळा रंग यायचा, आणि तिमाही आढाव्यात पिवळ्या रंगाबद्दल विचारणा व्हायची. मग पुण्याच्या एचआरने मेल पुढे पाठवताना ‘सर्वांकडून अपेक्षित’ असं लिहिलं आणि रकान्यापुढे अनिवार्यचा तारा लावला. माहिती भरली की ती आपोआप सहीत आणि कंपनीच्या अंतर्गत डिरेक्टरीत उमटत होती.

दर सोमवारी स्मरणपत्रं जाऊ लागली. महिन्याभराने ‘पेंडिंग’ नावांची यादी मॅनेजर लोकांना गेली. त्यातल्या एका डिलिव्हरी मॅनेजरने ती जशीच्या तशी टीमच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, ‘प्लीज क्लोज बाय ईओडी’, म्हणजे आज दिवस संपायच्या आत भरा. यादीत सात नावं होती. त्याच मॅनेजरने त्याच दिवशी टाइमशीटची यादीही तशीच टाकली होती. त्याच्या लेखी दोन्ही एकच.

अडचण नेमकी कुणाची होती

ऑफिसात पुढे हे ‘पारलिंगी विरुद्ध बाकीचे’ असं भांडण म्हणून सांगितलं गेलं. ते चूक आहे. त्या सात नावांमागे किमान तीन वेगळी कारणं होती. आठवं माणूस तर यादीत नव्हतंच, तरी त्याचा प्रश्न तितकाच खरा होता.

क्ष चार वर्षांपासून टेस्टर होती. कागदोपत्री पुरुष, ऑफिसात ‘तो’. स्वतःपुरती ती बाई होती. पुण्यात दोन मैत्रिणींना आणि समुपदेशकाला हे माहीत होतं, घरी कुणालाच नाही. गाव तालुक्याचं, धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं, आणि त्याच गावचे दोघे जण याच ऑफिसात दुसऱ्या टीममध्ये होते. तिने सांगायचं ठरवलं होतं, पण बहिणीचं लग्न झाल्यावर आणि आधी आईला.

आता तिच्यापुढचा रकाना पाहा. ‘शी/हर’ लिहिलं तर डिरेक्टरीतून गावापर्यंत बातमी. ‘दे/देम’ लिहिलं तर ‘म्हणजे काय रे?’ हा प्रश्न. ‘ही/हिम’ लिहिलं तर स्वतःच्या हाताने खोटं. मला ती म्हणाली, “लोक मला ‘तो’ म्हणतात ते मी रोज ऐकून घेत होते. ते त्यांचं होतं. हे मात्र मला स्वतःला टाइप करायचं होतं.” म्हणून तिने रकाना रिकामा ठेवला, आणि त्या रिकाम्या रकान्यानेच तिचं नाव ग्रुपवर नेलं.

दुसरं नाव एका सीनियर इंजिनिअर बाईंचं होतं. त्यांचं नाव मराठीत मुलग्यालाही असतं आणि मुलीलाही. परदेशी क्लायंटला त्यावरून काहीच कळायचं नाही, आणि तेच त्यांना हवं होतं. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये समोरच्यांना त्या बाई आहेत हे कळल्यापासून तांत्रिक प्रश्न त्यांना सोडून त्यांच्या हाताखालच्या पोराला विचारले जाऊ लागले होते. “मेलमध्ये माझं डोकं दिसू दे, बाकीचं त्यांना कशाला?” असं त्यांचं म्हणणं. सर्वनामांच्या चर्चेत हा मुद्दा फारसा कुणी काढत नाही. मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

तिसऱ्या प्रकारात दोघं-तिघं तत्त्व म्हणून अडून बसले होते. एकाने एचआरला सविस्तर लिहिलं की ही परदेशातली टूम आहे, माझा तिच्यावर विश्वास नाही आणि कंपनीने माझ्याकडून कबुली घेऊ नये. भाषा सभ्य होती. दुसऱ्याने मात्र रकान्यात ‘महाराज/महाराजांचे’ लिहिलं. त्याचा स्क्रीनशॉट दिवसभर फिरला आणि लोक हसले. क्षच्या डेस्कच्या आसपासही हसले.

आठवं माणूस म्हणजे एक तरुण डिझायनर. त्यांनी पहिल्याच दिवशी ‘दे/देम’ लिहिलं होतं. स्वतःला ते बाईही मानत नव्हते, पुरुषही नाही, आणि ऑफिसात ते लपलेलं नव्हतं. मुख्यालयाचा मेल त्यांना अडचण वाटली नाही, आधार वाटला. पहिल्यांदाच त्यांच्या सहीखालची ओळ इतरांसारखी दिसत होती.

भाषेमुळे पडलेली भर

मुख्यालयात ज्यांनी हा मेल लिहिला त्यांना एक गोष्ट माहीत असण्याचं कारण नव्हतं. इंग्रजीत माणूस स्वतःबद्दल बोलताना लिंग सांगत नाही. मराठीत बऱ्याच वाक्यांत सांगावं लागतं. मी येतो, मी येते. या टीममध्ये क्लायंटसमोर इंग्रजी चालायचं, पण चहाला, कॅबमध्ये आणि टीमच्या ग्रुपवर मराठी आणि हिंदी. म्हणजे सहीतली एक ओळ सोडवून काहीच सुटणार नव्हतं.

क्षने यावर आपली वाट काढली होती. ‘मी निघालो’ म्हणायचं टाळून ती ‘माझं झालं’ म्हणायची. ‘मी उशिरा येतो’ऐवजी ‘मला उशीर होईल’. ‘मी बग शोधला’, ‘मी फाईल पाठवली’ ही वाक्यं तर बिनधोकच, कारण तिथे क्रियापद बगच्या आणि फाईलच्या मागे जातं, बोलणाऱ्याच्या नाही. वर्षानुवर्षं ती असं बोलत होती आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तिची टीम लीड कोल्हापूरकडची. ती स्वतः घरी फोनवर ‘मी येतो गं’ म्हणते, तिकडच्या बायका म्हणतातच. पुढे क्षने सांगितल्यावर क्रियापदांची सवय सगळ्यात लवकर तिने बदलली.

सांगण्याचा मुद्दा असा की क्ष लपून बसलेली नव्हती, तिने तात्पुरती पण टिकाऊ अशी राहण्याची सोय करून घेतली होती. सक्तीच्या रकान्याने ती सोय मोडली.

पहिला निर्णयबिंदू: ‘कारण काय?’

यादी ग्रुपवर आल्याच्या दुसऱ्या दिवशी क्षने एचआरला दोन ओळींचा मेल केला: हा रकाना मला भरायचा नाही, कृपया मला यातून वगळावं. एचआरमधल्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्हचं उत्तर आलं की अपवाद नोंदवण्यासाठी कारण लागेल, कृपया कारण कळवावं. सीसीमध्ये डिलिव्हरी मॅनेजर.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महागात पडलेली गोष्ट हीच. यादी टाकणं हा निष्काळजीपणा होता. हा मेल मात्र प्रक्रियेप्रमाणे, नेमका, नम्र होता आणि त्याने दार बंद केलं. सांगायचं नाही म्हणून सूट मागणाऱ्याला ‘का सांगायचं नाही ते सांग’ असं विचारणं म्हणजे तोच प्रश्न पुन्हा विचारणं, आणि या वेळी साक्षीदारासमोर. त्या एक्झिक्युटिव्हला दोष देण्यात मला रस नाही. तिला अपवादाचा जो फॉर्म दिला होता त्यात कारणाची चौकट होती, तीही अनिवार्य.

क्षने उत्तर दिलं नाही. आठवड्याने राजीनामा दिला. कारण लिहिलं ‘वैयक्तिक’.

दुसरा निर्णयबिंदू: तक्रार कुणाकडे

राजीनामा स्वीकारून प्रकरण संपलं असतं. ते संपलं नाही, कारण टीम लीडला तो पटला नाही. चांगल्या टेस्टरने काम सुरळीत चालू असताना, दुसरी ऑफर हातात नसताना का सोडावं? तिने क्षला चहाला नेलं आणि खोदून न विचारता एवढंच म्हटलं, “त्या यादीमुळे असेल तर ते मी वर घेऊन जाते. तुझं काय ते मला सांगू नकोस.” क्षने मान डोलावली.

टीम लीड वर गेली तेव्हा एक वेगळीच गोष्ट बाहेर आली. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी 2013 च्या कायद्याप्रमाणे कंपनीत अंतर्गत समिती होती, तिचा फलक लिफ्टजवळ लावलेला होता. पण 2019 चा पारलिंगी व्यक्तींच्या हक्करक्षणाचा कायदा, जो 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला, त्याच्या कलम 11 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेत जो तक्रार अधिकारी नेमायचा असतो तो नेमलेलाच नव्हता. ‘आपल्याकडे तसं कुणी नाही’ म्हणून तो नेमला गेला नाही, असं मला सांगण्यात आलं. तसं कुणी नाही हे कसं कळलं, यावर उत्तर नव्हतं. आपल्याकडे तृतीयपंथी सिग्नलला दिसतात, सौंदत्तीच्या वाटेवर जोगते दिसतात. शेजारच्या क्युबिकलमध्ये असतील हे डोक्यात येत नाही.

याच कायद्याखालच्या 2020 च्या नियमांप्रमाणे आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं, आणि त्या धोरणात कर्मचाऱ्याच्या लिंगओळखीच्या गोपनीयतेचा उल्लेख असावा लागतो. म्हणजे कायदा ओळख जपून ठेवा म्हणत होता, आणि ऑफिसची प्रणाली ती डिरेक्टरीत छापत होती. कंपनीच्या वकिलांनी सर्वनाम म्हणजे लिंगओळख नव्हे असा युक्तिवाद करून पाहिला. तांत्रिकदृष्ट्या तो करता येतो. पण सहीखाली ‘शी/हर’ वाचून कुणी व्याकरणाची माहिती मिळाली असं समजत नाही.

समोर असलेले पर्याय

या टप्प्यावर कंपनीने एक छोटा गट बसवला: एचआर प्रमुख, दोन डिलिव्हरी मॅनेजर, कायदेशीर सल्लागार, ती टीम लीड, डिझायनर आणि बाहेरून मी. क्ष गटात नव्हती. तिची संमती घेऊन टीम लीडने तिची बाजू नाव न घेता मांडली.

पहिला सूर होता सगळंच काढून टाकण्याचा. एका मॅनेजरचं म्हणणं, रकानाही नको, सहीही नको, कामाशी काम. हे ऐकायला सोपं आणि न्याय्य वाटतं. पण त्याने डिझायनरची ओळही पुसली जाणार होती, आणि ज्यांना स्वतःहून लिहायचंय त्यांना मनाई करणं हीसुद्धा सक्तीच. शिवाय एक गंमत अशी की ती ओळ सगळ्यात आवडीने ज्यांनी लिहिली होती त्यांचा या विषयाशी काही संबंधच नव्हता. किरण, शीतल अशा नावांच्या लोकांना अमेरिकेतून कधी ‘मिस्टर’, कधी ‘मिस’ म्हणून मेल यायचे, त्यांची त्या एका ओळीने सुटका झाली होती.

दुसरा पर्याय सक्ती ठेवून यादीत ‘सांगू इच्छित नाही’ हा पर्याय वाढवण्याचा. एचआर प्रमुखांना हा फार आवडला, कारण रकाना भरलेला दिसणार आणि डॅशबोर्ड हिरवा होणार. मी याला विरोध केला. सहाशेपैकी पाचशे नव्वद जणांनी काहीतरी लिहिलं आणि दहा जणांपुढे ‘सांगू इच्छित नाही’ आलं, तर ते दहा जण कोण, ही कुजबुज सुरू व्हायला एक दुपार पुरते. रिकाम्या रकान्याचा निदान ‘विसरला असेल’ असा अर्थ लावता येतो. नकार नोंदवला की तोही जातो.

तिसरा पर्याय डिझायनरनी मांडला आणि तो सगळ्यात अवघड होता. त्यांचं म्हणणं असं: पूर्ण ऐच्छिक केलं तर सहा महिन्यांत आम्हीच दोघं-तिघं उरू, ज्यांना गरज आहे ते. मग ती ओळ आमच्या पाठीवरची चिठ्ठी होईल. म्हणून कर्मचाऱ्यांना नको, पण मॅनेजर आणि त्यावरच्यांना सक्ती करा. पद असलेल्यांनी आधी सांगावं. हा विचार चुकीचा नव्हता. गटात बराच वेळ त्यावरच गेला. अडचण अशी की मॅनेजर लोकांतही न सांगितलेलं कुणी असू शकतं, आणि मॅनेजरने लिहिलं की हाताखालच्यांना न सांगताही कळतं की ‘अपेक्षित’ आहे. पुण्यातल्या ऑफिसात साहेबाने केलेली गोष्ट ऐच्छिक राहत नाही.

कायदेशीर सल्लागारांनी बाहेरच्या देशांतले दाखलेही आणले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात 2021 मध्ये मानवाधिकार न्यायाधिकरणाने एका रेस्टॉरंटविरुद्ध निकाल दिला. तिथल्या कर्मचाऱ्याने आपली सर्वनामं ‘दे/देम’ असल्याचं सांगूनही बार मॅनेजर मुद्दाम लाडीक स्त्रीलिंगी नावांनी हाक मारत राहिला, आणि त्याबद्दल आवाज उठवल्यावर कर्मचाऱ्याची नोकरी गेली. भरपाई 30,000 कॅनेडियन डॉलर. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या रोजगारविषयक अपील न्यायाधिकरणाने जैविक लिंग बदलत नाही ही श्रद्धाही कायद्याने संरक्षित असल्याचं म्हटलं, पण त्यामुळे सहकाऱ्यांना हवं तसं छळायची मुभा मिळत नाही हेही सांगितलं. दोन्ही निकाल उलट दिशांचे वाटतात. पण सगळ्यांनी आधी आपलं जाहीर करावं, असं दोन्हींपैकी एकही म्हणत नाही. प्रश्न होता तो एकाने सांगितल्यावर दुसऱ्याने काय करायचं याचा.

आपल्याकडे पाया आणखी स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालाने आपलं लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं. एक सांगण्याचा हक्क, एक न सांगण्याचा. ऑफिसने दोन्हींच्या मध्ये हात घालायचं कारण नाही, या मताला गट आला.

काय केलं

नवं धोरण दीड पानाचं झालं. त्याचा गाभा असा की सांगण्याची सक्ती कुणालाच नाही, पण सांगितलेलं पाळण्याची सर्वांना आहे. ज्या सहकाऱ्याला हे पटत नाही त्याने विश्वास बदलायची गरज नाही. त्याला नाव घेऊन बोलता येतं. मुद्दाम चुकीचं संबोधणं मात्र गैरवर्तन.

रकान्यावरचा तारा निघाला. एवढं पुरेसं नव्हतं, म्हणून तो रकाना कुठल्याच अहवालात, डॅशबोर्डवर किंवा यादीत येणार नाही अशी सोय करून घेतली. मुख्यालयाच्या प्रणाली विभागाला हे समजावायला धोरण लिहिण्यापेक्षा जास्त वेळ गेला. ‘रिकामा असला तरी बिघाड नाही’ असा रकाना त्यांच्याकडे नव्हताच. अपवादाच्या फॉर्ममधली कारणाची चौकट एचआर प्रमुखांनी स्वतःहून काढली.

तक्रार अधिकारी नेमला, एचआरबाहेरचा. हे डिझायनरनी लावून धरलं होतं.

प्रशिक्षण दोन तासांचं आणि मराठीत ठेवलं. संकल्पनांचे तक्ते दाखवण्यापेक्षा वाक्यं दिली. समोरच्याचं माहीत नसेल तर ‘तू आलास का, आलीस का’ यापेक्षा ‘तुम्ही आलात का’ म्हणा, त्यात काहीच अडत नाही. तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना नाव घ्या. चुकलं तर सुधारा आणि पुढे बोला, पाच मिनिटं माफी मागत बसू नका, त्याने समोरच्यालाच अवघडायला होतं. रिसेप्शन आणि सिक्युरिटीच्या लोकांना वेगळ्या वेळी बसवलं, कारण ‘सर की मॅडम’ हा प्रश्न पहिल्यांदा गेटवर येतो. तिथल्या एका गार्डने सुचवलं की आयकार्डावरचं नाव वाचून नावाने हाक मारू, सर-मॅडम दोन्ही सोडून. तेच ठरलं.

‘महाराज’वाल्यावर कारवाई करावी असा एका मॅनेजरचा आग्रह होता. ती केली नाही. टीम लीडने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्या विनोदाच्या दिवशी एकाने राजीनामा लिहिला. कुणी, ते सांगितलं नाही. त्याने सही बदलली. सभ्य भाषेत विरोध लिहिणाऱ्याला मात्र लेखी उत्तर गेलं की तुमच्याकडून काहीही लिहून घेतलं जाणार नाही. ते उत्तर जायलाच हवं होतं, आणि वेळेत गेलं.

पुढे काय झालं

नोटीस पिरियड संपायच्या आत क्षने राजीनामा मागे घेतला. तिचं म्हणणं असं की धोरणापेक्षा टीम लीडचं ‘मला सांगू नकोस’ हे वाक्य कामाला आलं.

सक्ती गेल्यावर सहीत ओळ ठेवणारे भराभर कमी झाले. डिझायनर म्हणाले होते ते बऱ्याच अंशी खरं ठरलं. क्लायंटशी रोज बोलणाऱ्यांनी ओळ ठेवली, बाकीच्यांनी काढली. ती अगदी एकट्यादुकट्याची खूण झाली नाही ती केवळ किरण-शीतल मंडळींमुळे. वर्षभराने डिझायनर दुसऱ्या कंपनीत गेले. जाताना त्यांनी एचआरला स्पष्ट सांगितलं की या धोरणाने न सांगणाऱ्यांना जपलं, सांगणाऱ्यांना एकटं पाडलं. ते पूर्ण खरं आहे असं मला वाटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

क्षने बहिणीच्या लग्नानंतर आईला सांगितलं, आणि नंतर काही महिन्यांनी टीमला. सही त्या दिवशी बदलली नाही, आधी टीमच्या ग्रुपवर एक मराठी वाक्य लिहिलं: ‘आज मी लवकर निघते.’ तिघांनी नुसता अंगठा दिला. टीम लीडने लिहिलं, ‘नीघ, बिल्ड मी बघते.’

खरी कटकट त्यानंतर सुरू झाली आणि ती सर्वनामांची नव्हती. दुसऱ्या पाळीच्या कॅबचं रोस्टर प्रणालीतल्या लिंगाच्या रकान्यावर चालायचं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बायकांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षित वाहतूक लागते, म्हणून कॅबमध्ये गार्ड आणि ‘शेवटचा ड्रॉप बाईचा नको’ हा नियम. प्रणालीत क्ष ‘पुरुष’ होती. म्हणजे साडी नेसून आलेल्या दिवशीही शेवटचा ड्रॉप तिचाच, गार्डशिवाय. टीम बरोबर सर्वनाम वापरत होती, आणि रात्री बारा वाजता तिला वाघोलीच्या पुढे एकटीला सोडलं जात होतं. रोस्टरसाठी कर्मचाऱ्याने स्वतः सांगितलेली नोंद वापरायची, कागदपत्रांची वाट बघायची नाही, हा बदल व्हायला दोन महिने लागले. कॅबवाला कंत्राटदार तयार होता, अडलं होतं ऑफिसच्या आतच.

कागदपत्रांचा प्रवास अजून चालू आहे. जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र, राजपत्रात नावबदल, मग आधार, पॅन, बँक आणि शेवटी भविष्यनिर्वाह निधीचा खाते क्रमांक. यातलं एक नाव दुसऱ्याशी जुळलं नाही की पुढचं अडतं.

2025 च्या सुरुवातीला अमेरिकेतलं वारं फिरलं. 20 जानेवारीच्या अध्यक्षीय आदेशानंतर तिथल्या सरकारी खात्यांना मेलच्या सहीतली सर्वनामं महिनाअखेर काढायला सांगण्यात आलं. हा आदेश खासगी कंपन्यांना लागू नव्हता, तरी या कंपनीच्या मुख्यालयाने सहीचा नमुना गुपचूप बदलला आणि सर्वनामांची ओळ वगळली. पुण्याचं धोरण मात्र जागेवर राहिलं, कारण ते मुख्यालयाच्या मेलचा आधार न घेता भारतातल्या कायद्याच्या आधारे लिहिलं होतं. कायदेशीर सल्लागारांनी त्या वेळी या एका गोष्टीचा हट्ट धरला होता. तेव्हा तो मला अनावश्यक किचकटपणा वाटला होता.

वेगळं काय करता आलं असतं

मुख्यालयाचा मेल पुढे ढकलण्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायला हवं होतं: एखाद्याने हे केलं नाही तर प्रणाली काय करेल? स्मरणपत्र, पिवळा रंग, यादी ही साखळी आधीच तयार होती. धोरणात ‘ऐच्छिक’ लिहिलेलं असताना ही साखळी चालू असेल, तर माणसांना साखळीच कळते.

क्रमही उलटा झाला. आधी तक्रार अधिकारी, कॅबचं रोस्टर, स्वच्छतागृह, नावबदलाची वाट, आणि मग सहीतली ओळ, असं असतं तर ओळीला काही वजन आलं असतं. ओळ फुकट असते म्हणून ती आधी येते. रोस्टर बदलायला ऑफिसची आतली व्यवस्था बदलावी लागते.

सीनियर इंजिनिअर बाईंचा मुद्दा गटात उशिरा आला, तोही मी त्यांच्याशी कॅन्टीनमध्ये बोलले म्हणून. या विषयावर मत विचारताना फक्त पारलिंगी कर्मचाऱ्यांना विचारायचं, आणि तेही सापडले तर, हा नेहमीचा शिरस्ता आहे. लिंग जाहीर झाल्याने ज्यांचं नुकसान होतं त्यात बायका मोठ्या संख्येने असतात.

डिझायनरच्या आक्षेपावर माझ्याकडे समाधानकारक तोडगा नाही. एक अर्धा उपाय गटाने शेवटच्या बैठकीत मान्य केला होता. नव्या माणसाच्या पहिल्या दिवशी मॅनेजरने स्वतःची ओळख करून द्यावी आणि ‘तुम्हाला कशी हाक मारू?’ एवढंच विचारावं. नाव, टोपणनाव, सर, मॅडम, ताई, काहीही उत्तर चालेल, उत्तर न देणंही चालेल. हा प्रश्न प्रत्येकाला विचारला जातो, म्हणून तो कुणावर रोखलेला नसतो, आणि ज्याला सांगायचंय त्याला दार मिळतं. काही टीम हे करतात. ज्या मॅनेजरने ती यादी ग्रुपवर टाकली होती, त्याची टीम त्यात आहे. बाकीच्यांना तो प्रश्न ऑनबोर्डिंगच्या चेकलिस्टमध्ये घालून, विचारला की नाही याची टक्केवारी हवी होती. ती मागणी अजून एचआर प्रमुखांच्या टेबलावर आहे.